मँचेस्टरला जाताना क्लबचं मत बरोबर न्या

पत्र (२०२४ च्या सुरुवातीचं): मी ५६ वर्षांची, इचलकरंजीची. घरचे यंत्रमाग आहेत. मी २२ वर्षं आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतल्या, अजूनही थोड्या घेते. अकरा वर्षं इनरव्हील या, रोटरी क्लबशी नातं असलेल्या बायकांच्या सेवासंस्थेच्या क्लबची सदस्य आहे आणि यंदा सेक्रेटरी आहे. मे २०२४ मध्ये मँचेस्टरला इनरव्हीलचं आंतरराष्ट्रीय अधिवेशन आहे. संस्थेचं शताब्दी वर्ष म्हणून आमच्या क्लबमधल्या चौघी निघाल्यात आणि पाचवी म्हणून मला धरून बसल्यात. मलाही जावंसं वाटतं, पण खर्च तीन लाखांच्या घरात जातो. शिकवण्यांचे साठवलेले पैसे माझ्याकडे आहेत. मिस्टर म्हणतात, ‘तुझं तू बघ’. धंद्यात मंदी आहे. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, ‘सेवा करायला विमानात कशाला बसायला लागतंय?’ ते मनाला लागलं, कारण तेवढ्या पैशांत पन्नासेक मुलींना शाळेत जायला सायकली घेता येतील. शिवाय माझं इंग्रजी वाचण्यापुरतं आहे, बोलायची वेळ आली की शब्द घशात अडकतात. बाकीच्या चौघी सफाईने बोलतात. त्यांनी रोजच्या साडीचा रंगसुद्धा ठरवलाय आणि पुढे स्कॉटलंडची सहल आखलीय. अधिवेशनातलं क्लबचं मत नेहमीसारखं डिस्ट्रिक्टकडे (आमच्या भागातल्या क्लबांच्या वरच्या समितीकडे) प्रॉक्सी म्हणून, म्हणजे आमच्या वतीने त्यांनी द्यावं म्हणून, देऊन टाकायचं असं चाललंय. म्हणजे तिथे मला काम असं काहीच नाही. मग मी जाऊन करू काय?

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पैसे, सासूबाई, इंग्रजी, साड्या, सगळं तुम्ही मोकळेपणाने लिहिलंय. पण माझी नजर शेवटच्या दोन ओळींवर अडकली. ‘मत प्रॉक्सीने द्यायचं असं चाललंय, म्हणजे मला काम असं काहीच नाही.’ ताई, काम तिथेच आहे. बाकीचं सगळं मी सावकाश घेते, आधी हे बोलूया.

इनरव्हीलचं हे अधिवेशन तीन वर्षांनी एकदा होतं. त्यात भाषणं असतात, झेंड्यांची मिरवणूक असते, गाला डिनर असतं, फोटो असतात. पण त्याचा कणा म्हणजे कामकाजाची सत्रं. संस्थेच्या घटनेत आणि नियमांत बदल सुचवणारे प्रस्ताव तिथे मांडले जातात आणि त्यांवर मतदान होतं. सदस्य कुणाला होता येईल, वर्गणी किती, पदांची मुदत किती, असे प्रश्न तिथेच सुटतात. एके काळी इनरव्हीलमध्ये रोटेरियनच्या, म्हणजे रोटरी क्लबच्या सदस्याच्या, घरच्या बाईलाच प्रवेश होता. आज तशी अट नाही, सदस्यांच्या निमंत्रणाने कुठलीही स्त्री येऊ शकते. तुमच्या क्लबमध्येही नवरा रोटरीत नसलेल्या दोन-चारजणी असतील. त्यांच्यासाठी दार आपोआप उघडलेलं नाही. कुणीतरी बदल सुचवला, बायांनी वाद घातला, मतं पडली, तेव्हा ते उघडलं.

आणि तुमच्यासारखे किती क्लब आपलं मत न वाचता देऊन टाकतात! प्रॉक्सी देणं चुकीचं नाही. ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठीच ती सोय आहे. पण प्रस्ताव मासिक सभेत वाचलेच गेले नाहीत, ‘कुठे हो, कुठे नाही’ हे क्लबने ठरवलंच नाही, आणि कोऱ्या कागदावर सही करावी तशी प्रॉक्सी गेली, तर त्याला क्लबचं मत म्हणता येणार नाही. तुम्ही सेक्रेटरी आहात. प्रस्तावांची कागदपत्रं तुमच्याच ई-मेलवर येतात. मार्चच्या सभेच्या अजेंड्यावर हा विषय घाला. प्रत्येक प्रस्ताव मराठीत समजावून सांगा: आत्ताचा नियम काय, बदल काय, त्याने आपल्या क्लबला काय फरक पडेल. इंग्रजी नीट न येणाऱ्या सदस्यही मग बोलतील. बघा तुम्ही, घटनेच्या कलमांवर बायका किती नेमकं बोलतात ते. मग ठराव करा. तुमच्यापैकी एकजण मँचेस्टरला जातच असेल, तर क्लबची मतदार प्रतिनिधी तीच का नसावी, हेही त्याच सभेत विचारा. नियमाप्रमाणे नाव कधीपर्यंत कळवायचं ते डिस्ट्रिक्ट सेक्रेटरीकडून लगेच माहीत करून घ्या. ती प्रतिनिधी तुम्हीच व्हा असं मी म्हणणार नाही, ते क्लब ठरवेल. पण नाव पुढे आलं तर मागे सरकू नका.

हे मी एवढं ताणून धरते त्याला कारण आहे, आणि ते कारण मँचेस्टर आहे. सेंट पीटर्स स्क्वेअर नावाचा चौक शहराच्या मध्यभागी आहे. तिथे एमेलिन पँकहर्स्ट यांचा पुतळा आहे, डिसेंबर २०१८ मध्ये बसवलेला. चौथऱ्यावर राणीसारख्या बसलेल्या नाहीत त्या. एका साध्या लाकडी खुर्चीवर उभ्या राहून, हात पुढे करून बोलतायत. घरातली खुर्ची उचलून आणली आणि तिच्यावर चढून बोलायला लागल्या, इतकं साधं. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून त्यांनी जी संघटना काढली, तिची पहिली बैठक ऑक्टोबर १९०३ मध्ये ६२, नेल्सन स्ट्रीट या त्यांच्या राहत्या घराच्या दिवाणखान्यात झाली. ते घर आजही मँचेस्टरमध्ये जपून ठेवलेलं आहे. त्यानंतर मोर्चे झाले, तुरुंगवास झाला, उपोषणं झाली. १९१८ मध्ये तिथल्या काही बायकांना आणि १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने सगळ्यांना मत मिळालं. त्या शहरात आपण जाणार आणि आपल्या क्लबचं मत कुठे पडलं हे आपल्यालाच ठाऊक नसणार, हे मला सोसवत नाही.

आता तुमच्या संस्थेची गोष्ट. तिच्या संस्थापिका मार्गारेट गोल्डिंग या वेल्समधल्या, शिक्षणाने परिचारिका आणि स्वतःचा व्यवसाय असलेल्या बाई. पहिल्या महायुद्धाच्या काळात मँचेस्टरच्या रोटेरियनांच्या बायका मदतकार्यात उतरल्या होत्या. युद्ध संपल्यावर त्यांना एकमेकींना सोडवेना. १५ नोव्हेंबर १९२३ रोजी सत्तावीसजणी मँचेस्टरच्या सेंट मेरीज पार्सनेज या गल्लीतल्या टर्किश बाथच्या इमारतीतल्या एका खोलीत जमल्या. म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात! १० जानेवारी १९२४ ला ‘इनरव्हील’ हे नाव ठरलं. आपण १० जानेवारीला इनरव्हील दिवस साजरा करतो तो त्याचाच. रोटरीच्या मोठ्या चाकाच्या आतलं छोटं चाक, हे त्या नावातलं चित्र. ते छोटं चाक आज स्वतःच्या आसावर फिरतंय आणि शंभर देशांच्या आसपास पोचलंय. तुम्ही त्या गल्लीत जाऊन दोन मिनिटं उभ्या राहा. न्हाणीघर दिसणार नाही, तरी उभ्या राहा.

सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते. तो प्रश्न खोचक वाटला तरी खरा आहे आणि त्याला खरं उत्तर द्यायला हवं. सेवा करायला विमान लागत नाहीच. तुमच्या क्लबने आजवर केलेलं काम, मग ती सायकली असोत, रक्तगटाची शिबिरं असोत की सॅनिटरी पॅड, सगळं इचलकरंजीतच झालंय आणि तिथेच व्हायला हवं. पण बायका एकत्र जमून बोलल्याने काय होतं, याचं उत्तर आपल्याकडेच आहे. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड होत्या. जमल्या होत्या फक्त मुलींच्या शिक्षणाचा विचार करायला. पण बोलता बोलता लक्षात आलं की बारा-तेरा वर्षांची मुलगी लग्न होऊन सासरी गेली तर शाळा काढून करायचं काय. मग त्यांनी बालविवाहाचा प्रश्न हातात घेतला आणि १९२९ च्या शारदा कायद्याच्या पाठीशी ताकद लावली. १९३२ मध्ये दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज उभं केलं, ते आजही चालू आहे. तेव्हाही कुणाच्या तरी सासूबाई म्हणाल्याच असतील की मुली शिकवायला पुण्यापर्यंत रेल्वेने कशाला जायला लागतंय. हे सासूबाईंना सांगा, पण उत्तर दिल्यासारखं सांगू नका. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून गोष्ट सांगितल्यासारखं सांगा. ८१ वर्षांच्या बाईला आपला जमाना आठवतो.

सायकलींचं म्हणाल, तर ते गणित मी तुमच्याइतकं सोपं करणार नाही. हे पैसे तुमचे आहेत. २२ वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना वर्गसमीकरणं शिकवून साठवलेले आहेत. त्यातले तुम्ही आजवर किती घरात घातलेत ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला अंदाज आहे. आयुष्यात एकदा त्यातला काही भाग स्वतःच्या पायाखालची जमीन वाढवायला खर्च केला, तर मुलींच्या सायकली चोरल्या असं होत नाही. मनाला बोचतच असेल तर निघण्यापूर्वी जमेल तेवढ्या सायकली स्वतः द्या, पाच द्या, दहा द्या, आणि मग निघा. मात्र दोन गोष्टी पक्क्या ठेवा. क्लबच्या सेवाकार्याच्या खात्यातला एक रुपयाही प्रवासाला लागता कामा नये, कुणी ‘थोडं ॲडजस्ट करू’ म्हटलं तरी. आणि कर्ज काढून, दागिना मोडून जाऊ नका. मंदीत घरचे माग चालू ठेवायला हेच पैसे लागणार असतील, तर यंदा जाऊ नका, तीन वर्षांनी पुन्हा अधिवेशन आहे. तसं नसेल, तर ‘मंदी आहे’ एवढ्या कारणाने तुमचेच पैसे आधी अडवले जाऊ नयेत.

मिस्टरांच्या ‘तुझं तू बघ’ला तुम्ही नकार समजलात का? मला तसं वाटलं. शक्य आहे की त्यांना धंद्याची काळजी सांगायची आहे आणि सांगता येत नाहीये. एकदा कागदावर आकडे मांडून त्यांच्यासमोर बसा. ‘जाऊ का?’ असं विचारू नका. ‘मी जायचं म्हणतेय, या दहा दिवसांत आईंची औषधं, जेवण, रात्रीची सोबत कशी करायची ते आपण ठरवू’ असं म्हणा. ती आई त्यांचीच आहे. गोळ्यांच्या वेळा त्यांना माहीत नसतील तर आत्तापासून दोन महिने आहेत शिकायला. कोल्हापूरच्या नणंदेला किंवा शेजारच्या वहिनींना सांगायचं असेल तर तेही त्यांनीच सांगावं.

इंग्रजीबद्दल मला तुमच्याशी जरा रागाने बोलावंसं वाटतं. ज्या बाईने २२ वर्षं, गणित म्हटलं की पोटात गोळा येणाऱ्या मुलांना फळ्यासमोर उभं केलं, ती म्हणते मला बोलता येत नाही! तुम्ही त्या मुलांना काय सांगत होता? उत्तर चुकलं तरी चालेल, पायऱ्या लिही. तेच करा. त्या अधिवेशनात इटलीच्या, तुर्कस्तानच्या, जपानच्या, नायजेरियाच्या बायका असतील. त्यांच्यातल्या अनेकींचं इंग्रजी तुमच्यासारखंच अडखळत असेल आणि त्या मजेत बोलत असतील. आत्तापासून रोज पंधरा मिनिटं एकच गोष्ट मोठ्याने सांगायचा सराव करा: आमचं गाव, आमचा क्लब, आम्ही केलेलं एक काम. एकच काम, पण आकड्यांसकट. किती मुली, किती वर्षं, पहिल्या वर्षी काय चुकलं, मग काय बदललं. ही दोन मिनिटांची गोष्ट तोंडात बसली की बाकीचं संभाषण तिच्याच अंगाने पुढे जातं. समोरचीने काय सांगितलं ते वहीत टिपून घ्या. ऐकू आलं नाही तर ‘पुन्हा सांगा’ म्हणायला लाजू नका.

इथे माझं एक सांगते. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका आंतरराष्ट्रीय मेळाव्याला गेले होते. आम्ही नऊजणी होतो. तीन दिवस एकाच रांगेत बसलो, एकाच टेबलावर जेवलो, बॅगेतल्या चटण्या-पुऱ्या वाटून घेतल्या, फोटो काढले. शेवटच्या दिवशी बसमध्ये शेजारी एक वयस्कर फिनिश बाई बसली. पंधरा मिनिटांच्या प्रवासात तिने मला सांगितलं की त्यांच्या गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन करायचं काम त्यांचा क्लब कसा करतो. कुणी फोन उचलला नाही तर किती वेळात कोण जाऊन बघतं, सगळं. बस थांबली, ती उतरली. तिचं नावही मी विचारलं नव्हतं. परत आल्यावर आमच्या भागात आम्ही तसं काम सुरू केलं, पण विचारायचे इतके प्रश्न उरले होते आणि विचारायला कुणी नव्हतं. ते तीन दिवस मी वाया घालवले याची हळहळ मला अजून आहे. म्हणून साड्यांबद्दल सांगते: एक दिवस सगळ्याजणी एका रंगात नेसा, उद्घाटनाला छान दिसेल, परदेशी बायका येऊन हात लावून बघतील. बाकीच्या दिवशी मात्र पाचजणींनी पाच वेगळ्या टेबलांवर बसायचं असं आपसांत ठरवून टाका. रात्री खोलीवर आलात की एकमेकींना काय मिळालं ते सांगा. त्या चौघींनाही हे आवडेल, तुम्ही सुचवून तर बघा.

भेट काय न्यायची हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मला राहवत नाही. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि गावाचं नशीब पालटलं. त्या गावची बाई खऱ्या मँचेस्टरला निघालीय, तर तिने बाजारातली पितळी गणपती-कंदील न नेता आपल्या मागावरचं कापड न्यावं. तुमच्या शिवणवर्गातल्या मुलींकडून पंचवीस-तीस छोट्या पिशव्या शिवून घ्या, त्यांना शिलाईचे पैसे द्या, आणि आत क्लबचं नाव, गावाचं नाव, ई-मेल लिहिलेली चिठ्ठी ठेवा. क्लबचा छोटा बॅनर असेल तर तो घ्या, बॅनरची देवाणघेवाण चालते. पिशवी हातात देताना म्हणा, ‘हे आमच्या घरच्या मागावर विणलंय.’ बोलणं सुरू करायला याहून चांगलं वाक्य मला सुचत नाही.

आणि स्कॉटलंडला जायच्या आधी एक दिवस मँचेस्टरसाठीच ठेवा. तिथल्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात कापडगिरणीची जुनी यंत्रं आहेत, ती चालवून दाखवतात. तो खडखडाट ऐकून तुम्हाला घराची आठवण येईल. लँकेशायरच्या विणकर बायका त्या आवाजात ओठांच्या हालचालींवरून एकमेकींशी बोलायच्या. तुमच्याकडच्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांनाही ते करताना तुम्ही पाहिलं असेल. विमानतळाजवळ स्टायल गावी १७८४ मध्ये सुरू झालेली क्वारी बँक मिल आहे. तिथे अनाथ, गरीब मुलांना कामाला ठेवत, त्यांचं राहायचं घरही बघायला मिळतं. मिस्टरांसाठी तिथले फोटो काढून आणा, त्यांना दुसऱ्या कशाचे आणलेत तरी एवढे आवडणार नाहीत. डीन्सगेटवर जॉन रायलंड्स ग्रंथालय आहे, १९०० मध्ये उघडलेलं. नाव नवऱ्याचं असलं तरी ते उभं केलंय त्याच्या पत्नीने, एन्रिकेटा रायलंड्स यांनी. आत जाऊन नुसत्या बसलात तरी चालेल.

बाकी तयारीचं थोडक्यात. मे महिना असला तरी तिथे आपल्या डिसेंबरपेक्षा गार असतं आणि पाऊस केव्हाही येतो, म्हणून साडीवर चालेल असा लांब कोट आणि चालायचे बूट घ्या. सहल कंपनीचं पॅकेज घेत असाल तर पैसे तुमच्याच खात्यातून आणि तुमच्याच पॅनवर भरा. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतलेला आयकर, कापतात (२०२४ च्या सुरुवातीला तो ७ लाखांपर्यंत ५ टक्के होता). तो तुमच्या नावावर जमा झाला तर विवरणपत्र भरताना तुम्हालाच परत मिळू शकतो.

व्हिसाला उशीर करू नका. अधिवेशनाला जायला स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो, सहा महिन्यांच्या व्हिसाची फी २०२४ च्या सुरुवातीला ११५ पौंड होती, निर्णयाला साधारण तीन आठवडे धरा, आणि बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जावं लागेल. अधिवेशनाच्या नोंदणीची पावती, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र जोडा. अर्ज एजंटकडे देऊन मोकळ्या होऊ नका, प्रत्येक रकाना स्वतः वाचा. व्यवसायाच्या रकान्यात एजंट न विचारता ‘गृहिणी’ टाकेल. तसं झालं तर त्याला थांबवा आणि तिथे ‘गणिताच्या शिक्षिका, स्वतःच्या शिकवण्या’ असं लिहायला सांगा.